बोरदरवाडीच्या खड्ड्याची फत्ते

श्रीकानिफनाथ समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद मासी खर्डे प्रांती जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत, ज्या रयतेने खड्ड्यांत आपटून कंबरडे मोडून घेतले तिचे आज्ञेवरून लिहिली. याच खर्ड्याच्या मैदानी पूर्वी थोर थोर सरदार लढले, परंतु ते युद्ध लौकर आटोपले, कारण तेव्हा गनीम कोण हे उभयपक्षी ठाऊक होते. प्रस्तुत युद्धी तेच कोणी सांगेना.

खर्ड्याच्या फाट्यापासून बोरदरवाडीपावेतो साडेचार किलोमीटर रस्ता. तो थोरल्या सरकारच्या, म्हणजे राज्याच्या दौलतीत होता आणि नऊ वर्षे त्याजकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, आणि मग ओढ्याच्या पुलाजवळ ऐसा खड्डा पडला की त्यात म्हैस बसल्यास वर शिंगेच दिसावी. तेव्हा फर्मान सुटले की, हा रस्ता आम्ही मोठ्या मनाने धाकट्या सरकारास, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीस बहाल करितो. काय ते औदार्य! गाय भाकड जाहली की दान करावी, त्यातली गत. धाकट्या कचेरीने जबाब धाडिला की, दान पावले नाही. मग पत्रे गेली आणि पत्रे आली आणि अवघा रस्ता दोन कचेऱ्यांमधील टपालात अडकून राहिला.

अशात एसटीच्या आगारातून निरोप आला की, पुलाजवळचा खड्डा दसऱ्याच्या आत न बुजल्यास गाडी गावात येणे नाही. हे ऐकून बायडाबाई नामे म्हातारी दसऱ्यास किती दिवस उरले ते बोटांवर मोजू लागली. तिचे लेक-सून दरसाल दसरा होताच ऊसतोडीस जात आणि नात अश्विनी, इयत्ता नववी, आजीपाशी राहून एसटीने खर्ड्याच्या शाळेस जाई. गाडी बंद तर शाळा बंद, आणि शाळा बंद तर पोर कारखान्यावर मोळ्या बांधायला. बापाने पोरीस सांगूनही टाकिले होते, “गाडी न्हाई तर आमच्यासंगं चल. हितं बसून काय करती?”

मग बायडाबाईने कमरेस पदर खोचिला आणि थोरल्या कचेरीवर चालून गेली. तेथील अभियंतेसाहेबांनी, जे पंखा आणि खुर्ची यांचे मधला मुलूख प्राणपणाने राखून होते, हुकूम केला की खड्डा धाकटीकडे मागावा. धाकटीत हुकूम जाहला की थोरलीकडे मागावा. ऐशा सात स्वाऱ्या जाहल्या. अखेरीस म्हातारी अभियंतेसाहेबांस म्हणाली, “रस्ता ऱ्हाऊ द्या सायेब, खड्डा कुनाचा त्येवढं लिवून द्या.” परंतु दिवसास शंभर सह्या ठोकणारे ते वीर त्या एका सहीस भ्याले आणि जेवणाचे निमित्ते उठून गेले.

पुढे वद्य पक्षी एके सकाळी गावच्या वेशीवर पिवळा जेसीबी आणि मागोमाग टेम्पो ऐसी फौज दिसली. गावास वाटले, सरकारास पाझर फुटला. सरपंच गोरक्ष यांनी पितृपक्षाचीही पर्वा न करिता नारळ फोडिला, जेसीबीच्या सोंडेस हार घातला, आणि मग फौजेस पितरांची खीर नि वडे पोटभर वाढिले. फौजेने ढेकर दिली आणि हुकमाचा कागद काढिला. कागदी लिहिले होते की, रस्ता धाकट्यांस दिला, परंतु त्यावरील किलोमीटरचे दगड थोरल्यांची दौलत, सबब उपटून आणावे! मग जेसीबीने चार दगड उपटिले, चार नवे खड्डे पाडिले आणि टेम्पो भरून फौज माघारी वळली. तोच पुलाजवळच्या खड्ड्यात टेम्पो आदळला आणि त्याचा चाकावरचा पाटा कडाडून तुटला. इतके दिवस ज्या खड्ड्याशी आपला संबंध नाही म्हणत होते, त्यातच संबंध जुळला. मग दगड तेथेच उतरविले आणि जेसीबीने टेम्पो ओढीत ओढीत पळ काढिला. एवढी खीर खाऊन मागे वळूनही पाहिले नाही, निर्लज्ज.

बायडाबाई दगडांपाशी उभी राहिली. “दगड सरकारचे, खड्डा सरकारचा. जाऊ द्या सरकारचं सरकारात,” म्हणाली आणि पहार मागविली. मग गावच्या बाया घमेली घेऊन कुमकेस आल्या आणि चारी दगड खड्ड्यात लोटिले, आणि वर मुरूम चोपून दिवस मावळायच्या आत मोहीम फत्ते केली. दुसरे दिवशी एसटी आली. चालकाने खाली उतरून दोनदा पाय आपटून पाहिले आणि गाडी वरून नेली.

आठवडा न लोटता धाकट्या कचेरीची नोटीस म्हातारीचे नावे आली. अश्विनीने वाचिली. “सदर रस्ता या कार्यालयाच्या मालकीचा असून, आपण विनापरवानगी त्यात दगड टाकिले, खुलासा करावा.” सरपंचांचा चेहरा उतरला. म्हातारी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, “मालकीचा हाय, ते पुन्यांदा वाच गं.” पोरीने तीनदा वाचिले.

मग जो खुलासा रवाना जाहला तो अश्विनीचे हस्ताक्षरी, आजीचे अंगठ्यानिशी, ऐसा की: “रस्ता तुमचा हाय ह्ये कळलं, लई बरं वाटलं. उरलेले एक्केचाळीस खड्डे बी मग तुमचेच. यादी जोडली हाय. नोटिशीची झेरॉक्स गावात सगळ्यांकडं हाय.”

येणेप्रमाणे युद्ध जाहले. थोरल्या सरकारचे चार दगड आणि एक टेम्पो कामी आला, धाकट्या सरकारचा एक शिक्का गावच्या हाती सापडला. एक्केचाळीस खड्डे अद्याप जागचे हलले नाहीत. दसरा जाहला आणि ऊसतोडीचा ट्रक फाट्यावरून निघाला. त्यात अश्विनी नव्हती. ती एसटीत होती.