डावीकडे जाणारं विमान

सन दोन हजार अठरा, डिसेंबर महिना, थंडी ऐन भरात. मिस्त्रींच्या डाव्या हाताचं प्लॅस्टर निघालं आणि डॉक्टरांनी मनगट रोज चहूकडे फिरवायला सांगितलं. मिस्त्री जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. रबरी चेंडू दाबत बसणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तेव्हा सुनेने आपला जुना फोन त्यांच्या हातात दिला.

"बाबा, यात विमान आहे. फोन कलवाल तिकडे विमान जातं. गोळ्या आपोआप सुटतात. तुम्ही फक्त शत्रूला चुकवायचं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मिस्त्री म्हणाले, आणि जेवण निवलं तरी फोन सोडला नाही.

(विमानाबरोबर मिस्त्रीही कलायचे. एकदा खुर्चीसकट कलले आणि धुण्याच्या बादलीत जाऊन बसले. विमान मात्र वाचलं.)

हात झपाट्याने सुधारला. मनातल्या मनात ते सुनेचे आभार मानत. मोठ्याने मानायची सवय नव्हती.

प्लॅस्टरच्या दिवसांत बायकोने त्यांच्यासाठी स्वेटर विणला होता. तो तिने एका सकाळी समोर धरला. डावी बाही चार बोटं लांब.

"डोळ्यांना दिसत नाही का?" मिस्त्री म्हणाले. "आमच्या धंद्यात एवढी चूक झाली तर भिंत पाडायला लावतात."

स्वेटरची घडी कपाटात गेली.

त्याच दुपारी मिस्त्री चहाला स्वयंपाकघरात खाली बसले. खेळ रंगात आला होता. कप उचलायला हात मोकळा हवा, म्हणून फोन फरशीवर सपाट ठेवला. फरशी त्यांनी स्वतः बसवलेली. हिच्यावर गोटी ठेवली तर जागची हलणार नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. (गोटी कुणी ठेवून पाहिली नव्हती.)

विमान आपलं आपण डावीकडे घसरलं आणि फुटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा फुटलं.

"सूनबाई! फोन बिघडलाय तुझा!"

"सकाळी तर चांगला होता, बाबा."

"मग मी खोटं बोलतो? भंगार माल माझ्या गळ्यात मारलास!"

सुनेचा चेहरा उतरला. मिस्त्री चपला अडकवून कोपऱ्यावरच्या फोन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन काचेच्या टेबलावर ठेवला. विमान नाकासमोर सरळ चाललं.

"काका, फोन ठणठणीत आहे. ठेवला कुठे होता?"

"माझ्या फरशीवर."

"मग फरशी दाखवून घ्या. एखादा चांगला गवंडी बघा."

मिस्त्री घरी आले. कामाच्या पिशवीतून सपाटी तपासायची पाणसळ काढली, फरशीवर ठेवली. बुडबुडा उंच बाजूला, उजवीकडे पळाला, तो परत येईना. पाणसळ उलटसुलट फिरवून पाहिली. बुडबुडा ऐकेना. मिस्त्री गुडघ्यांवर बसले. कपाटाच्या डाव्या पायांखाली लाकडाची पाचर होती, जुनी, काळी पडलेली.

मागे बायको उभी होती.

"ही कधीची?"

"राहायला आलो त्या आठवड्यातली. कपाटाचं दार आपोआप उघडायचं."

"आणि बोलली नाहीस?"

"कधी बोलू? तुमची गोटी चालू असायची." मग समजूत घालावी तशी म्हणाली, "सांडलेलं पाणी न्हाणीकडे जातं हो आपोआप. माझी पुसापुशी वाचली."

तेवढ्यात सून आत आली. मिस्त्रींची कानशिलं तापली.

"फोन चांगला आहे, सूनबाई. उगाच बोललो तुला. हात तुझ्यामुळेच सुधारला."

"असू दे हो, बाबा. पण मग विमान डावीकडे का जात होतं?"

मिस्त्रींनी पाणसळीकडे पाहिलं. आता सांगायचं, की आपण बसवलेली फरशी वाकडी आहे?

"हात अजून कच्चा आहे ना," बायको म्हणाली. "फोन वाकडा ठेवला असेल." आणि पायाने पाणसळ हळूच कपाटाखाली सारली.

संध्याकाळी हाताची विचारपूस करायला मेहुणी आणि साडू आले. मेहुणीच्या विणकामाची नात्यात मोठी ख्याती. मिस्त्री उठले, कपाटातून स्वेटर काढला आणि अंगात घातला. बायकोच्या हातातला चहाचा ट्रे थांबला.

"अगं बाई!" मेहुणी म्हणाली. "डावी बाही केवढी ही! माप नाही का घेतलंस?"

बायकोने मान खाली घातली.

"माप बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "हाड जुळताना माझाच हात आखूड झाला."

"काय सांगता! एवढा?"

"चार बोटं." मिस्त्रींनी डावा खांदा मागे ओढून पंजा बाहीत घेतला.

"दोन्ही हात समोर धरा बघू," साडू म्हणाले.

"दुखतो," मिस्त्री म्हणाले, आणि पाहुणे जाईपर्यंत एका हाताने चहा प्यायले.

तेव्हापासून सगळ्या नात्यात मिस्त्रींचा डावा हात आखूड, तो आखूडच. फिट्टंफाट झाली.