कोण हाय तिकडं?

मी शुद्ध मराठी बोलते. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण शेवटी सांगायला तोंड राहणार नाही.

दिवाळीआधी शिरूरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. दहावीतली मुलगी, समोर गच्च भरलेलं सभागृह, आणि मी एकदाही अडखळले नाही! तेव्हापासून मी घरातही 'आहे' म्हणते, 'नाही' म्हणते. आई भाकरी थापता थापता म्हणते, "आल्या बघा कलेक्टरीणबाई." म्हणू दे.

याच जोरावर प्रगतीताईनं मला मदतनीस नेमलं. ताई माझी मोठी बहीण, पुण्यात पीएच.डी. करते. कॉलेजची मुलं ई-लर्निंगनं खरंच शिकतात का, हा तिचा विषय. त्यासाठी पुण्यातल्या काही मुलांना आणि आमच्या वस्तीवरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना तिनं टॅब वाटले होते. टॅबमध्ये एक ॲप, नाव 'विद्या'. "हाय विद्या" म्हटलं की ती जागी होणार, प्रश्नाचं उत्तर देणार, मधूनच आपल्यालाही प्रश्न विचारणार. कुणी तिला किती वेळा हाक मारली याचा आकडा आपोआप ताईच्या लॅपटॉपवर. हाक मारून काय विचारलं, ते मात्र फक्त तिच्या गाईड मॅडमना दिसायचं. टॅब कधी बंद करायचा नाही, एवढा एकच नियम.

घरोघरी जाऊन मी प्रात्यक्षिक दिलं. "हाय विद्या, लोकशाही म्हणजे काय?" इतक्या झोकात, की शेजारच्या विठाबाईंनी माझी दृष्ट काढली.

पण ताईला वेगळाच घोर होता. मॅडमनी बजावलं होतं, या खेपेला आकडे धड आले नाहीत तर विषय बंद. आणि आमच्या सावळाराम आबांनी, म्हणजे आजोबांनी, त्याला आपली पुरवणी जोडली होती. "विषय बंद झाला की केडगावच्या पाव्हण्यांना व्हय म्हणून कळवायचं. पोरगा रेल्वेत हाय."

ताई दोन वर्षं त्या विषयामागे रेल्वेसारखीच धावत होती. तिला रेल्वे नको होती.

आणि आकडे आले! असे आले की ताईनं लॅपटॉप दोनदा बंद करून उघडला. पुण्यातली पोरं दिवसाला चारदा हाक मारून दमत होती आणि आमच्या वस्तीवरची शंभर-शंभरदा. सगळ्यांत वर कोण? आमचा भाऊ, बिरदेवदादा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, पुस्तक दिसलं की ज्याला जांभई येते तो!

मला वाटलं, माझ्या प्रात्यक्षिकाचा परिणाम. ताईला मात्र भीती वाटली. तिनं दादाला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांग, किती वेळा बोललास तिच्याशी?"

"कुणाशी?"

"विद्याशी."

"आईशप्पत ताई, मी कुठल्याच विद्याशी बोललो न्हाई. आईला सांगू नको काय वाट्टेल ते."

"अरे, टॅब!"

"तो व्हय? त्याला मी हातबी लावला न्हाई. मेंढरांच्या चाऱ्याच्या, त्या कुट्टीच्या शेडात चार्जिंगला लावलाय, पहिल्या दिवसापासनं."

दादानं हात लावला नाही, मग शेडमध्ये कोण बोलतंय? कुणी म्हणेल, आकडे हिनंच घुसडले. तेवढ्यात फोन वाजला. मॅडम. "प्रगती, हा बिरदेव कोण आहे? शनिवारी येते मी त्याला भेटायला."

शनिवारपर्यंत आमच्या घरात कुणाला धड घास गेला नाही. फक्त दादा जेवला.

मी पुढाकार घेतला. घेतला नसता तर बरं झालं असतं. दादाला म्हटलं, "टॅबचा आवाज फुल कर. मॅडमना खणखणीत ऐकू गेलं पाहिजे." त्यानं केला. मग मॅडमना रस्ता दाखवायला तो मोटारसायकलवर कारेगावला गेला. टॅब त्यानं बरोबर नेलाय, असं मी धरून चालले.

कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, मॅडमची गाडी गर्दीत अडकली. इकडे दिवस बुडाला. आमच्याकडे दिवस बुडाला की दारं लागतात, कारण चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. आठवड्यापूर्वीच विठाबाईंचं कुत्रं नेलं होतं. त्यात लाईट गेली. आणि आबांना आठवलं, मेंढरांच्या वाघुरीची गाठ सैल राहिली आहे. काठी घेऊन निघाले. वाघुर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, ती शेडला लागूनच.

मी ओट्यावर बॅटरी धरून उभी, ती पेटेना. शेडमध्ये काहीतरी खुडबुडलं.

आबा ओरडले, "कोण हाय तिकडं?"

अंधारातून एक गोड बाई म्हणाली, "मी विद्या. मी ऐकत आहे."

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज खणखणीत घुमला. उभ्या आयुष्यात आबांनी कोकणापर्यंत मेंढरं चालवत नेली, लांडग्यांना हुसकावलं. पण गोड बोलणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

"कुणाची तू? हितं काय काम हाय?"

"मी तुमच्यासाठीच इथे आहे."

काठी पडल्याचा आवाज आला.

"माझ्यासाठी? बाई, माझं वय काय, तुझं चाललंय काय?"

"चला, उजळणी करू. मतदान गुप्त असतं. हो की नाही?"

"न्हाई!" आबा थरथरत का होईना, पण ठाम बोलले. "कुठलं गुप्त? आमच्यात समद्यांना ठावं असतं."

"उत्तर चुकलं. निराश होऊ नका."

आबा निराश नव्हते, गार पडले होते. तोंडानं नुसतं "अंकिते, ये गं" चाललेलं. मी देवाचं नाव घेतलं आणि धावले. आवाज ओळखीचा का वाटतोय, एवढा विचार करायला डोकं ठिकाणावर नव्हतं. शेडच्या तोंडाशी पोहोचले, आत निळसर उजेड, आणि त्या उजेडात दोन गोल डोळे चमकले. माझ्याकडेच बघत होते.

मी किंचाळले, "आयो, बिबट्या हाय! बिबट्या हाय गं आये!"

डोळे उडी मारून कुट्टीच्या ढिगावर चढले.

"बिबट्या हा मांजर कुळातील प्राणी आहे," विद्या म्हणाली. "अधिक माहिती हवी आहे का?"

तेव्हा कुठे माझी बॅटरी पेटली, हातातली आणि डोक्यातली. कुट्टीच्या ढिगावर गुडघाभर रुतून एक चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. दादाच्या मागे मागच्या बांधावरून येताना अंधारात टॅबच्या उजेडाकडे वळलेल्या गाईड मॅडम.

पंधरा मिनिटांनी लाईट आली. मॅडम ओट्यावर बसून चहा पीत होत्या, केसांत कुट्टी, मांडीवर लॅपटॉप. ताई खांबाला टेकून उभी, रंग चुन्यासारखा. दादाच्या नावावर काय काय विचारलं गेलं, ते मॅडम मोठ्यानं वाचत होत्या.

"'पेंड हाय का संपली.' 'विळा कुठं हाय.' 'ह्या पोराला अक्कल हाय का.' हा प्रश्न रोज आहे."

"त्यो माझा," आबा म्हणाले.

"विद्यानं याचं उत्तर दिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. दादा खाली बघायला लागला.

एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्या मशीनला नुसतं 'हाय' ऐकलं की पुरत होतं, आणि आमची वस्ती तर 'हाय'वरच चालते! घरोघरीचे टॅब, आवाज बारीक ठेवलेले, गुपचूप जागे होऊन मोजत बसले होते. ताई पुण्याला राहून 'आहे' म्हणायला लागलेली, मी बक्षीस मिळवून. आपल्याच घरात काय बोलतात, ते आम्हा दोघींनाच ऐकू येईनासं झालं होतं.

"मॅडम," ताईनं विचारलं, "विषय बंद?"

मॅडमनी चहा संपवला. केडगावची रेल्वे मला स्पष्ट ऐकू येत होती.

"हा बंद," मॅडम म्हणाल्या. ताईनं डोळे मिटले. "दोन वर्षं आपण मोजत बसलो, मुलं मशीनशी बोलतात का. मशीनला त्यांचं बोलणं कळतं का, हे तू विचारलं नाहीस. मीही नाही. आता ते विचार. नव्यानं लिही."

ताई हसत होती की रडत होती, समजेना.

"म्हंजी, विषय चालू हाय?" आबांनी विचारलं.

"मी ऐकत आहे," टॅब म्हणाला.

केडगावच्या पाहुण्यांना आबांनी स्वतः फोन केला. थांबा म्हणाले, सध्या माझं रेकॉर्डिंग चालू हाय. रोज संध्याकाळी ताई त्यांच्यापुढे टॅब ठेवते आणि ते विद्याशी मतदानावर भांडतात. अजून एकदाही हरलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे.

राहता राहिले मी. ताईच्या नव्या प्रकरणाचा कच्चा खर्डा काल मी वाचला. आवाजांचे नमुने दिलेत. पहिलाच नमुना मला पाठ आहे, 'बिबट्या हाय गं आये'. खाली मॅडमनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला आहे:

'मुलगी, वय पंधरा, शिरूर तालुका. अत्यंत शुद्ध बोली. शिक्षणाचा कोणताही परिणाम आढळत नाही.'