माणिकराव बेटावर राहायला जातात

विश्रांती थकल्यावर घ्यायची असते, असा एक अडाणी समज आहे. थकलेला माणूस जागच्या जागी झोपतो. त्याला कुणी विश्रांती म्हणत नाही. विश्रांतीला थकवा लागत नाही, प्रवास लागतो.

हे सत्य माणिकरावांना सन छत्तीसच्या चैत्रात, आखाडा बाळापूरच्या बाजारात उमगलं. मुंबई पाहून आलेला एक कापडवाला सांगत होता, की तिकडची बडी माणसं उन्हाळ्यात समुद्रातल्या लांबच्या बेटावर जाऊन राहतात.

"काय करतेत तिथं?" माणिकरावांनी विचारलं.

"कायी न्हाई. नुसते पडून राहतेत."

माणिकराव गहिवरले. पडून राहण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. जमीन बटईनं दिलेली, बैल सालगड्याच्या ताब्यात, घर बायकोच्या, म्हणजे शालूबाईंच्या. (स्वतः माणिकरावांच्या ताब्यात एक अडकित्ता होता.) एवढं मोठ्या लोकांचं काम आपण जन्मभर घरच्या घरी, कुठलाही मान न घेता करत आलो, याचं त्यांना वाईट वाटलं.

समुद्र लांब होता. पैनगंगा मात्र माणिकरावांच्या गावाला लागून होती, आणि तिच्या मधोमध एक बेट होतं. वाळू, दोन बाभळी, एक शिंदीचं झाड. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड. बेट नेमकं कुणाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते परदेशात आहे असं मानायला हरकत नव्हती. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं असे. तरीही ते दुर्गमच म्हटलं पाहिजे, कारण तिथं जायचं तर जोडे काढावे लागत.

"चार रोज बेटावर जाऊन राहतो मी," माणिकरावांनी घरी जाहीर केलं.

"काहून?"

"कायी न करायला."

"ते तर हितंच करून राहिले की तुमी," शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाकरी-ठेचा बांधून दिला. त्यांच्या मनात काही नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती पुढं कुणालाच पटली नाही.

सालगड्यानं बाज डोक्यावरून नेऊन बाभळीखाली टाकली. माणिकराव पडले. सावली सरकली की बाज सरकवायची, एवढाच उद्योग. दुपारी शेजारच्या तांड्याचा नाईक फुलसिंग म्हशी पाण्यावर घेऊन आला. त्यानं बाज पाहिली, भाकरीचं गाठोडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मालक, बाईनं काढलं का घरातून?"

"न्हाई रे! आराम करून राहिलो."

"व्हय व्हय. आराम," फुलसिंग म्हणाला. मयताच्या घरी बसायला गेल्यावर माणसं ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात. म्हशीसुद्धा गुपचूप पाणी पिऊन गेल्या.

दिवेलागणीला गावात नवरा-बायकोच्या भांडणाची बातमी झाली. शंभरातल्या नव्वदांना भांडणाचं कारण माहीत होतं. (उरलेल्या दहांना दोन-दोन कारणं माहीत होती.) शेजारच्या गोजरबाई शालूबाईंकडं आल्या आणि गळ्यात पडून म्हणाल्या, "बाई, मन मोकळं कर."

"कायी झालंच न्हाई वो!"

"इतकं झालं, आन् लेकरू म्हणतंय कायी झालं न्हाई!" गोजरबाईंनी पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला अर्धी आळी आली. आता इतक्या बाया आपलं काम टाकून रडायला येतात, त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवणं बरं दिसत नाही. शालूबाईंनी आठवून पाहिलं. आश्चर्य म्हणजे, आठवलं. एक आठवलं की त्याच्यामागून दुसरं, गुरं गोठ्यातून बाहेर पडावीत तसं. संध्याकाळपर्यंत शालूबाई खरोखरच रडत होत्या.

तिसऱ्या दिवशी शिरड शहापूरहून सासरे, संतराम, बैलगाडीतून आले. आख्खं गाव धोतर-लुगडी सावरत त्यांच्यामागं बेटावर उतरलं. पंच म्हणून फुलसिंगला बसवलं, कारण भांडण पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं.

"जावईबापू," संतराम हात जोडून म्हणाले, "आमच्या लेकराचं काय चुकलं?"

"कायीच न्हाई, मामा."

"मग तुमचं काय चुकलं?"

"माझं बी कायी न्हाई."

संतरामांनी पंचाकडं पाहिलं. "बघा. दोघांचं बी लई चुकलंय."

मग शालूबाई उभ्या राहिल्या. चारचौघांत कधी न बोललेली बाई, पण आवाज कापला नाही. "औंढ्याच्या जत्रेत मला इसरून गाडी घेऊन आले हे. घरी आल्यावर तहान लागली, तवा याद आली."

सभा हळहळली. माणिकरावांना आत कुठंतरी बारीक काटा मोडल्यासारखं झालं. त्या दिवशी गाडी हलकी लागत होती, आणि बैल आज खुशीत दिसतात असं आपल्याला वाटलं होतं, हे त्यांना आठवलं. ते शरमले, आणि शरमलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. ते ओरडले, "मला बी लई सांगायचंय!"

"सांगा," फुलसिंग म्हणाला.

माणिकरावांनी डोळे मिटून संसार धुंडाळला. बायकोची एकही चूक सापडेना. यामुळं त्यांचा संताप अनावर झाला. "हिनं मला तक्रारीला जागाच ठेवली न्हाई!" ते गरजले, आणि तिथून खरं भांडण सुरू झालं. ते इतकं रंगलं की जेवायच्या वेळेलाही कुणी उठेना.

शेवटी तडजोड ठरली. माणिकरावांनी घरी जावं, आणि शालूबाईंनी काय पाहिजे ते मागावं.

"मला बी हितं चार रोज कायी न करता राहायचंय," शालूबाई म्हणाल्या.

पंच घाबरला. बाईमाणसानं काही न केल्याचा आधीचा दाखला ना तांड्यात होता, ना गावात. पण शब्द गेला होता.

शालूबाई बाजेवर पडल्या त्या चार दिवस पडल्याच. घरी माणिकरावांनी भाकरी थापल्या. त्या गुरांनी हुंगून सोडल्या. ते रोज काठावर येऊन हाक मारत, "अगं, मीठ कुठं हाय?" बेटावरून उत्तर येई, "कायी करून न्हाई राहिले मी. सांगून बी न्हाई!"

पाचव्या दिवशी शालूबाई घरी आल्या, चूल सारवली, आणि दोघांचं पूर्वीसारखं छान चाललं. मुळात भांडण नव्हतंच.

आता वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत असेल, की असं कसं, दोघांत आधीचं काहीतरी असणारच. त्याशिवाय का भला माणूस घर सोडून वाळूत जाऊन पडतो! अशा मंडळींनी संकोच करू नये. धोतर सावरून यावं, आणि जरा सरकून बसावं. मागं अजून लोक येऊन राहिलेत.