उंबरमाळावरचे अकरा ससे

मुलांनो, सरकून बसा. एका जंगलात नवा राजा निवडायचा होता. प्राणी होते तीन हजार. सगळे एकाच दिवशी मत देत नसत, एकेका माळाची पाळी येई. पहिली पाळी उंबरमाळाची. तिथे अकरा ससे राहत.

निवडणुकीला भागूबाई अस्वलीण उभी होती. मागच्या वणव्यात तिने निम्मं जंगल ओढ्यापलीकडे पोचवलं होतं. तेव्हा भाजलेले पंजे अजून नीट मिटत नसत. तिच्यासमोर होता झिपरू कोल्हा. त्याने वणवा लांबून पाहिला होता.

उंबरमाळावर चारशे पोपट उतरले. बातम्या देणं हा त्यांचा धंदा. एका सशाला शिंक आली, तर चाळीस पोपटांनी विचारलं, "ही शिंक कुणाच्या बाजूची?"

झिपरू तिथे महिनाभर मुक्काम ठोकून होता. सशांची बिळं झाडायचा, पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडायचा. भागूबाई एकच दिवस आली. तिला बाकीच्या जंगलातही जायचं होतं.

मतं पडली. झिपरू सहा, भागूबाई पाच.

"झिपरूची लाट! भागूबाई भुईसपाट!" असं ओरडत चारशे पोपट जंगलभर उडाले.

भागूबाईने एका म्हाताऱ्या पोपटाला थांबवलं. "अरे बाबा, एका मताचा तर फरक. अजून दोन हजार नऊशे एकोणनव्वद जण मत द्यायचेत."

"खरंय, बाई. पण तुमच्यात आता दम राहिला नाही, असं सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"आम्ही."

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठी सभेला गेली. समोर भेकरं बसली होती, तिनेच वणव्यातून काढलेली.

"तुलाच मत द्यायचं होतं गं," एक म्हातारं भेकर खाली बघत म्हणालं. "पण हरलेल्याला देऊन मत वाया कशाला घालवायचं?"

भागूबाईला रडू आलं नाही. हसू आलं, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने अर्ज मागे घेतला.

झिपरू राजा झाला. राज्याभिषेकाला भागूबाई मागच्या ओळीत बसली होती. तेवढ्यात शेजारच्या खडकावरच्या सात मुंगसांनी जाहीर केलं, "पुढच्या खेपेला पहिलं मत आमचं!" ससे चवताळले. मांडव उतरायच्या आत त्यांनी पुढच्या राजासाठी मतदान उरकूनसुद्धा टाकलं.

त्यात झिपरू पडला.

"झिपरूची सद्दी संपली!" पोपट ओरडले. मुकुट अजून त्याच्या कानांवर नीट बसायचा होता.

तात्पर्य : मुलांनो, चांगलं काम जरूर करावं, पण सगळ्यांसाठी करू नये. अकरा जणांसाठी करावं. बाकीच्यांना त्यांचं मत काय आहे, ते पोपट कळवतात.