हरवलेला हेडशेठ

"जोतीराम, या मुलखात नाकं दोनच. एक पोलिसांच्या कुत्र्याचं, दुसरं माझं. आणि कुत्र्याला सर्दी होते!" साताऱ्याचे स्वयंघोषित गुप्तहेर आप्पासो सांगलीच्या एस्टीत गरजले. तेवढ्यात शेजारच्या प्रवाशानं त्यांच्याच पिशवीतली भाकरी संपवली. मदतनीस जोतीरामानं ते बघितलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. थोर नाकाचा अपमान कशाला?

प्रकरण भयंकर होतं. हळदीवाल्या शमशेरशेठनं सकाळी फोनवर बोंब ठोकली होती. मागं हळद घासायचे लोखंडी ढोल धडधडत होते. त्यातून आप्पासोंना ऐकू आलं ते एवढंच, "हेडशेठ हरवलाय! चारच्या आत पायजे!"

शमशेर साधा शेठ. त्याच्या डोक्यावरचा तो हेडशेठ. म्हणजे मोठा मासा पळवलाय!

कारखान्यात पोचताच आप्पासोंनी शमशेरशेठपुढं ओरडून तपास मांडला.

"दिसायला कसा?"

"काळा! दोन कान!"

"दोनच? बरं. आला कुठनं?"

"पुण्याच्या जुन्या बाजारातनं! मिलिटरीचा हाय! पार्सलनं आला!"

"शेवटचा कवा बघितला?"

"काल! खुंटीला टांगलेला!"

आप्पासो पांढरे पडले. "टांगला कुणी?"

"मीच टांगतो रोज!"

"जोतीराम, दार लाव. कबुली मिळाली."

जोतीरामानं दार लावलं नाही. हळद निवडणाऱ्या रंगूबाईला गाठून विचारलं.

"आरं शेठ न्हवं रं बाबा, सेट! फोनला जोडून दोन्ही कानांवर चढवायचा," ती म्हणाली. "शेठची लेक आबेदा बाळंतपणात अडलीय हैद्राबादला. चारला जावयाचा ट्रंक कॉल हाय. आपलं ढोल थांबवलं तरी गल्लीतल्या बाकी कारखान्यांचं थांबत्यात व्हय? त्याच्याबिगर काय ऐकू येनार?"

"आप्पासो, शेठ न्हाई..."

"शेठ न्हाई म्हणूनच तर शोधतोय!"

आता आप्पासो शेठच्या म्हाताऱ्या आईकडं वळले. हाजराबी हळदीच्या ढिगाशेजारी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. 'खुनी कोण?' विचारलं, हसून मान हलवली. 'तुम्ही?' विचारलं, तरी हलवली. पदराखाली कानांपाशी दोन टेंगळं दिसत होती.

"गालगुंडं," आप्पासोंनी निदान केलं. "लांबनं विचार. लागण होईल."

एवढ्यात चार वाजले. फोन खणखणला. शेठनं कपाळ बडवून घेतलं.

रंगूबाई उठली आणि तिनं म्हातारीचा पदर मागं सारला. दोन्ही कानांवर काळा हेडसेट! वायर कमरेला खोचलेली.

"काढू नगं गं," हाजराबी कळवळली. "ह्या ढोलांच्या धडधडीतनं तीस वर्सांनी कानाला थंडावा मिळालाय."

ओढाताण करायला वेळ कुठला? शेठनं वायरचं टोक तसंच फोनच्या पेटीत खुपसलं.

म्हातारी दचकली. मग सुरकुत्या एकेक करून उजळल्या. डोळे भरले.

"अम्मा, आबेदा बरी हाय न्हवं?" शेठ ओरडला. "पोरगा का पोरगी?"

"फोनवर कोन हाय, त्याचं पूर्ण नाव, पत्ता विचारा!" आप्पासो ओरडले.

सगळ्यांची तोंडं हलताना बघून हाजराबीनं ओठांवर बोट ठेवलं.

"गप बसा रं. आबेदा बरी हाय. बाळ रडतंय, ऐकू द्या."