खांदे खाली!

मान धरली होती. नेहमीसारखा मालिशवाल्या आजोबांकडे जाऊन ओरडून आलो असतो, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ऑफिसात कुणीतरी सांगितलं की आपल्या बालीच्या राजधानीत, देनपसारला, नर्तक-वादकांसाठी खास फिजिओथेरपी निघालीय. म्हटलं, आपण कलाकार, आपलं दुखणंही जरा इतमामाने दुखावं. (माझी बायको सुकेर्ती मला कलाकार म्हणत नाही. 'पोट सुटलेला योद्धा' म्हणते.)

देवळाच्या उत्सवातला बारीस, म्हणजे योद्ध्याचा नाच, कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. त्यात खांदे कानांपर्यंत चढवून उभं राहायचं असतं. फिजिओबाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला.

"असे किती वेळ उभे राहता?"

"नाच संपेपर्यंत."

"आणि ऑफिसात?"

"साहेब घरी जाईपर्यंत."

"आजपासून खांदे चढले की श्वास सोडायचा आणि खांदे धपकन खाली. विचार न करता व्हायला हवं."

झालं! सुकेर्तीने ते व्रतच घेतलं. जेवायला लावारची कोशिंबीर वाढताना, स्कूटरवर मागे बसून, देवाला फुलं वाहताना, सारखं "अहो, खांदे!" शेवटी माझे खांदे आपोआप पडू लागले. मानही मोकळी झाली. देवळाच्या पुजाऱ्यांचा तरणाबांड पुतण्या माझ्या योद्ध्याच्या मुकुटावर डोळा ठेवून होता. यंदाही तो मुकुट त्याला मिळू द्यायचा नाही, एवढंच उरलं होतं.

आता बारीसमध्ये नर्तकाने अंगाला झटका दिला की ढोलवाला तो इशारा पकडतो, आणि अख्खा गामलान, म्हणजे आमचा वाद्यवृंद, एकदम कडाडून थांबतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. (ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.) ढोलावर होता माझा मेहुणा वीर्या.

उत्सवाच्या दिवशी मी ऐटीत आलो. खांदे चढवले. ते धपकन पडले. वीर्याने थाप मारली, गामलान कडाडला आणि थांबला. त्या दणक्याने मी दचकलो. दचकल्यावर खांदे चढणारच. चढले, पडले, आणि पुन्हा धाड!

"भाऊजी, किती वेळा थांबवताय?" वीर्या दात-ओठ खात म्हणाला.

"मी नाही, खांदे!"

"मग खांद्यांना सांगा!"

"अरे, तू बघूच नकोस माझ्याकडे!"

"मग कुणाकडे बघू? नाचतंय कोण?"

एवढ्यात गर्दीतून सुकेर्तीचा आवाज आला, "अहो, खांदे!"

धाड!

मुकुट नाकावर आला. पोरं जमिनीवर लोळत होती. पुजारीबुवा डोळे पुसत होते. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

देवळाच्या पुढच्या सभेत मुकुट पुतण्याला गेला. फार लागलं मनाला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही विदूषक," प्रमुख म्हणाले. "त्या दिवशी केलंत तेच करायचं. काही म्हणजे काही बदलू नका."

"पण तालीम?"

"तालीम कशाला?" कॉफी देता देता सुकेर्ती म्हणाली. "घरी रोज करतातच की!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. सगळ्यांना खरमरीत सुनावायला मी उठलो. खांदे चढले. सगळी सभा मोठ्या आशेने माझ्याकडे बघू लागली.

खांदे धपकन पडले, आणि वीर्याने समोरच्या बाकावर थाप मारली.