वाकळे सरांची गूळतुला

कोल्हारच्या आठवडे बाजारात वाकळे सर भाजी घ्यायचे, पण पैसे देण्याआधी भरलेली पिशवी हातात उंच धरून भाजीवालीला विचारायचे, "ही खाली का पडत नाही?"

"तुमी धरलीया म्हनून," ती बिचारी म्हणायची.

"किती जोरानं धरलीय?"

"आता मला काय ठावं? पैसं द्या की."

"जेवढं वजन, तेवढ्याच जोरानं. कमी लावला तर खाली जाईल, जास्त लावला तर वर." एवढं ऐकवल्यावरच सरांचा हात खिशात जाई. पुढं पुढं तर सर दिसले की बायका लवकर सुटका व्हावी म्हणून उत्तर आधीच म्हणून टाकत.

आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत, मी मराठी. घरं भिंतीला भिंत लागून. मला ते नावानं हाक मारत नसत, "काय मराठीवाले" म्हणत. देव, नवस, अंगारे हे सगळं त्यांच्या मते आम्हा मराठीवाल्यांचं खातं.

एकाहत्तर साली सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, टायफॉइड झाला आणि तो उलटला. नगरच्या दवाखान्यात त्या बरेच दिवस होत्या. मधे तर डॉक्टरांनीही हात टेकले. मी भेटायला गेलो तेव्हा सर उशाशी वहिनींचं मनगट धरून बसले होते.

वहिनी वाचल्या. घरी आल्यावर थोड्या दिवसांनी सर म्हणाले, "मराठीवाले, शुक्रवारी देवीच्या देवळात या. हिची गुळानं तुला करतोय."

"नवस?" मी विचारलं.

"नवस नाही हो, प्रयोग आहे. संतुलित बलं पोरांना दाखवायची कधी?"

आणि खरोखरच आठवीचा वर्ग घेऊन आले. आडत्याकडचा मोठा काटा देवळापुढं टांगला होता. दोर सरांनी स्वतः ओढून ओढून पाहिले. वहिनी पदर सावरत पारड्यात बसल्या.

"अहो, मी पडणार नाही ना?"

"वजन खाली, दोराचा ताण वर, दोन्ही सारखे. पडशील कशी?" असं म्हणाले, पण पारड्यावरचा हात काही काढला नाही.

हमाल समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवू लागला. ठेवता ठेवता थांबला, वाकून बघू लागला. सर वहिनींचं पारडं दोन्ही हातांनी खाली दाबून उभे होते.

"सर, हात काढा की. बाईंचं वजन कवाच भरलं."

"असू दे. ठेव अजून एक."

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "अहो, प्रयोग चुकतोय."

"चुकू दे." सर माझ्याकडं बघत नव्हते. "नवस बोललो तेव्हा ही एवढी हलकी नव्हती."

मी वाकून एक ढेप उचलली आणि हमालाच्या हातात दिली.